टोपलीखालची शेवंती

शेवंतीचा वास गोड नसतो. तो कडसर असतो, ओल्या मातीवर ओवा सांडावा तसा, आणि फुलापेक्षा पानालाच अधिक येतो. सकाळी अंगणात उतरताना झाड पायाला घासले की तो वास लुगड्याच्या काठाला लागायचा आणि दिवसभर घरात हिंडायचा. अजूनही कुठे तो आला की माझे डोळे आपोआप अर्धे मिटतात. पण मग दिसते ते फूल नसते. संध्याकाळचे अंगण दिसते. मासळीच्या उपड्या घातलेल्या टोपल्या दिसतात, जणू मोठी कासवे समुद्रावरून चालत येऊन आमच्या वाफ्यात बसली आहेत. आणि त्यांच्या पाठीवर गॅसबत्तीचा पांढरा, सूं सूं करणारा उजेड.

आई घाटावरची. लग्न होऊन रत्नागिरीस आली तेव्हा ओल्या गोणपाटात गुंडाळून शेवंतीचा एक गड्डा घेऊन आली. इथल्या बायकांनी सांगितले, अबोली लाव, सोनटक्का लाव. शेवंतीला आमचा पाऊस सोसायचा नाही. आईने ऐकून घेतले आणि गड्डा लावला. पहिल्याच पावसाळ्यात तो कुजला. मुळापासून फुटलेले बोटभर रोप, ज्याला आई मुनवा म्हणायची, ते एक तेवढे फुटक्या मडक्यात पडून राहिले होते, ते जगले. त्यावरून आई शिकली. फुले सरली की ती झाडे जमिनीलगत कापायची, बुडाशी मुनवे फुटायचे, आणि पावसाच्या तोंडाशी ते मडक्यांत काढून पडवीत, पागोळ्यांपासून हातभर आत ठेवायची. चार महिने ती मडकी आमच्यातच राहायची. ओल्या लाकडांचा धूर, दोरीवरचे न वाळणारे कपडे, आणि भिंतीशी ही हिरवी मंडळी निमूट बसलेली. मला लहानपणी वाटायचे, ती आमचे बोलणे ऐकत असतात.

गणपती गेले आणि ऊन पिवळे व्हायला लागले की ती बाहेर जायची. आमचे अंगण म्हणजे जांभा. कुदळ मारली तर खणखणायचा. त्यावर तांबडी माती, शेणखत आणि भाताच्या तुसाची राख मिसळून आई उंच वाफे करायची. पाणी उभे राहता कामा नये, ऊन मात्र दिवसभर हवे. शेंडे दोनदा खुडायचे, म्हणजे झाड उंच न होता पसरते. एवढे केले की शेवंती कशाचीच तक्रार करत नसे. खारा वारा, वाट चुकलेली वासरे, आमच्या धावपळीत मोडलेल्या फांद्या, सगळे सोसून कार्तिकात अंगण पिवळे व्हायचे. गावात दुसऱ्या कुणाकडे शेवंती नव्हती, बाजारातही मिळत नसे. त्यामुळे आईला त्या एका महिन्यात घाटावर जाऊन आल्यासारखे वाटत असावे. ती तसे कधी म्हणाली नाही. पण त्या महिन्यात ती गुणगुणायची.

वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. संध्याकाळी घरी येताना खराब निघालेली पत्रके घेऊन यायचे. स्वदेशीची, दारूबंदीची, देवळे सर्वांना उघडी करा म्हणणारी, मुलींना शिकवा म्हणणारी. त्यांत वाणसामान बांधले जायचे, त्यांवर पापड वाळायचे आणि त्यांवरच मी अक्षरे गिरवली. परीकथा मला कोणी सांगितल्या नाहीत. ‘बंधुभगिनींनो’ अशी सुरुवात असलेले काहीही मला झोपताना चालायचे. अशी मुलगी मोठी होऊन काय करणार? एकोणिसाव्या वर्षी मी आमच्या अंगणात कोळणींसाठी वर्ग काढला.

त्यांचे नवरे, मुलगे मुंबईला. कोणी गोदीत, कोणी बोटीवर. पत्र आले की त्या टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरायच्या, ‘वाचून देता का?’ म्हणत, आणि वाचणारा माणूस सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात नवऱ्याचे शब्द वाचायचा. मला त्याचा संताप यायचा. आजही येतो. दुपारपर्यंत त्यांची मासळी विकून व्हायची, घरचे आवरायचे, मग टोपल्या समुद्रात धुऊन त्या तशाच इकडे यायच्या, तेव्हा वर्ग संध्याकाळीच भरणार हे ठरलेले. एक नाटक मंडळी गावातून गाशा गुंडाळून गेली, तिची जुनी गॅसबत्ती वडिलांनी मला आणून दिली. ती मी अंगणातल्या खांबावर, हात पोचेल तितक्या उंच टांगली. उजेड सगळ्यांच्या पाटीवर सारखा पडला पाहिजे, हा माझा आग्रह. दिवेलागणीला बत्ती पेटायची ती त्या उठून जाईपर्यंत.

गणपतीनंतर वर्ग सुरू झाला. शेवंती त्याच आठवड्यात वाफ्यात गेली.

नवरात्रात ताई मुंबईहून आली. तिला पाचवा महिना होता. पहिल्या वेळी दिवस भरायच्या आधीच सगळे संपले होते, म्हणून या वेळी आईने तिला लवकर बोलावून घेतले. ताई बोटीतून उतरली ती पांढरीफटक. काही खाववत नव्हते. आईने विचारले, “कशाची वासना होतेय? चिंच? आवळा?”

ताई म्हणाली, “शेवंती.”

“अगं, खायला काय हवं?”

“काही नको. चाळीत नळाचा वास, तेलाचा वास, माणसांचा वास. मला शेवंती हुंगायची आहे. आणि माझी वाडी शेवंतीची भर.”

पोटुशीला फुलांचे दागिने घालून, मुकुट, बाजूबंद, वेण्या घालून चौरंगावर बसवायचे, तिला वाडी भरणे म्हणतात. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “भरीन. सातवा सरेल तोवर अंगण भरून फुलं असतील.”

डोहाळे पुरवावेत, नाहीतर पोटातल्या जिवाला ते भोवते, असे आई मानायची. मी मानत नसे, तसे म्हणतही असे. पण ताईचा तो चेहरा बघून या वेळी गप्प बसले.

कोजागिरी आली. दर वर्षी तोवर प्रत्येक शेंड्यावर मोहरीएवढ्या कळ्या यायच्या. या वर्षी बारा झाडे हिरवीगार, जाडजूड पानांची, आणि कळी एक नाही. आई रोज सकाळी वाकून बघायची आणि कमरेला हात लावून सरळ व्हायची. ताई पायरीवर बसून पाने चुरगाळायची आणि बोटे नाकाशी धरायची. “वास तर आहे,” ती म्हणायची, आईला बरे वाटावे म्हणून.

शेजारच्या काकू कुंपणाशी यायच्या. काकूंचा जीव आमच्यावर होता, हे खोटे नाही. ताईसाठी त्या रोज ताक पाठवायच्या. पण जीभ त्यांच्या ताब्यात नव्हती.

“वहिनी, मी बोलले तर राग येईल तुम्हाला.”

“मग बोलू नका,” मी म्हणाले.

“तुझ्याशी नाही बोलत मी, पुढारीणबाई. वहिनी, इतकी वर्षं फुलली आणि याच वर्षी का नाही, याचा विचार करा. अंगणात काय नवीन आलं? रोज संध्याकाळी मासळीचा विटाळ. कोण कुठल्या दिवसांत आहे, कोण नाही, कुणी विचारतं का? फुलझाडाला सोसत नाही ते.”

आईने बोलावे म्हणून मी तिच्याकडे बघत होते. तिने वाफ्याकडे बघितले.

त्या दुपारी ती मला म्हणाली, “वर्ग बंद कर असं म्हणत नाही मी. वाडी होईपर्यंत मागं ने. गोठ्याजवळ जागा आहे.”

“जन्मभर त्यांना मागच्या दारीच उभं केलंय सगळ्यांनी. माझ्या वर्गाला त्या पुढच्या अंगणातच बसतील.”

“तुझ्या बहिणीचं काय?”

“काकूंचं ऐकून तू—”

“काकूंचं नाही ऐकत,” आई म्हणाली. तिचा आवाज एकदम हळू झाला. “मला भीती वाटते. एवढंच. आठ दिवस बघते. कळी दिसली नाही तर वर्ग मागं जाईल, नाहीतर बंद होईल.”

आठ दिवस! मी काय केले असेल? पत्रक लिहिले. मला दुसरे येत होते काय? रात्रीचे जेवण टाकून एकटाकी लिहिले. ‘फुलांना जात नसते’ हे त्याचे नाव. त्यात माणसाच्या स्पर्शाने झाड सुकत नाही, हे होते. अज्ञानाच्या अंधारावर तीन ओळी होत्या. आणि एक वाक्य मला फारच आवडले होते: ‘प्रकाशाने आजवर कोणाचेही नुकसान झालेले नाही.’ त्याखाली मी रेघ ओढली.

सकाळी वडिलांना वाचायला दिले. ते उभ्याउभ्याच वाचत गेले, बोटाने ओळ धरून, खिळे मोजल्यासारखे.

“छापू की,” ते म्हणाले. “भाषा जोरकस आहे. पण तू झाड बघितलंस का?”

“कसलं झाड?”

“ज्याच्यावर लिहिलंयस ते.”

मी बघितले नव्हते. मी आईला झाड बघताना बघितले होते, काकूंना बोलताना ऐकले होते, आणि लिहायला बसले होते. हे लिहिताना आजही कानशिले तापतात.

मग मी वाफ्यात उतरले. दव पडलेले होते. सकाळचे ऊन नुकतेच कौलांवरून खाली सरकत होते आणि प्रत्येक पानाच्या कडेला एकेक थेंब लोंबत होता. मी एकेक झाड हाताने बाजूला करून बघत गेले. पहिले, काही नाही. पाचवे, काही नाही. नऊ, दहा. तुळशीवृंदावनाच्या मागच्या अंगाला एक झाड एकटेच होते, जागा उरली नाही म्हणून आईने तिथे खोचलेले. त्याच्या शेंड्यांवर कळ्या होत्या. बारीक, घट्ट, हिरव्या. प्रत्येक शेंड्यावर.

मी ओरडले तशी आई धावत आली. तिने हात जोडले. “तुळशीमाईनं राखलं गं. तिच्या आडोशाला विटाळ पोचला नाही.”

माझ्या हातातले उत्तर असे डोळ्यांदेखत काकूंच्या पदरात गेले.

त्या संध्याकाळी वर्गात माझे लक्ष नव्हते. बायका ‘क’ची बाराखडी म्हणत होत्या आणि मी वृंदावनाकडे बघत होते. वर्गात एक म्हातारी मावशी होती, सगळ्यांत वयस्क. तिचा मुलगा बोटीवर खलाशी होता आणि त्याचे पत्र मरायच्या आत स्वतः वाचायचे, असा तिचा हट्ट. तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

“काय गो बाय, तिकडं काय हाय?”

मी सगळे सांगितले. विटाळाचे सुद्धा. लपवण्याची मला लाज वाटली. दोघींनी पाट्या खाली ठेवल्या. मावशी मात्र उठली आणि गुडघ्यावर हात टेकत वृंदावनामागे गेली. वाकली. मग तिने मान वळवून खांबावरच्या बत्तीकडे बघितले, पुन्हा झाडाकडे. वृंदावनाची काळी सावली त्या झाडावर पडली होती. बाकीचा सगळा वाफा दुपारसारखा लख्ख.

“बाय, हितं उजेड पोचत नाय.”

“मग?”

“मग काय? चांदण्यात आमच्या जाळ्याला मासळी लागत नाय. काळोख हवा तिला. ही पन तशीच असेल. तू हिला निजू देत नायस, आणि वर इचारतेस, कळी का येत नाय!”

बायका हसल्या. एक म्हणाली, “माझा नवरा घोरतो तवा मी पन अशीच हिरवी ऱ्हाते,” तशी सगळ्या लोळायच्या राहिल्या.

मी हसले नाही. माझे वाक्य मला आठवत होते, रेघ ओढलेले. सगळ्यांवर सारखा पडावा म्हणून मी तो उजेड हात पोचेल तितका उंच टांगला होता. मला कोणाचे नुकसान करायचे नव्हते.

“बत्ती विझवू?” मी विचारले.

“आणि वाचायचं कसं?” मावशी म्हणाली. ती फाटकाशी गेली, आपली टोपली घेऊन आली आणि पहिल्या झाडावर उपडी घातली. फांदी मोडू नये म्हणून खाली चार दगड लावले, वरून गोणपाट टाकले. “आम्ही हाव तवर झाकलेली. जाताना टोपली आमची, काळोख तिचा.”

सगळ्यांच्या मिळून टोपल्या आठ होत्या. वृंदावनामागचे झाड आपले आपण होते. तीन झाडे उघडी राहिली.

आई पायरीवर आली आणि तिथेच थबकली. देवाच्या फुलांवर मासळीच्या टोपल्या! कुंपणापलीकडून काकूंनी तेच मोठ्याने म्हटले. “वहिनी, वाडी भरायची आहे की कालवण करायचंय?”

“काकू, समुद्रात धुतलीय टोपली,” मावशी म्हणाली. “तुमच्या विहिरीपेक्षा मोठा हाय तो.”

आई खाली उतरायला लागली. ती टोपल्या काढणार, हे मला कळले. तोच ताई मागून म्हणाली, “आई, राहू दे.”

“अगं, वास लागेल फुलांना.”

“लागू दे. फुलं तर येऊ देत.” ताई पोटावर हात ठेवून उभी होती. “आठ दिवस तू दिलेच आहेस. ते असे जाऊ देत.”

आई तिच्याकडे बघत राहिली. मग आत गेली.

आठव्या दिवशी कळी आली नाही. मी सकाळपासून आईच्या आजूबाजूला घुटमळत होते. तिने वाफ्यात वाकून बघितले, शेंडा बोटांनी उलगडला आणि कामाला लागली. दुपारीही वर्गाचा विषय तिने काढला नाही. दिवेलागणीला मी अंगणात गेले तर आठ झाडांभोवती चार चार दगड आधीच लावून ठेवलेले होते.

मग ते दिवस आले ज्यांना माझ्या आठवणीत तारखा नाहीत. थंडी पडू लागली, आमच्याकडची, नुसती दवाची. खाडीवरून धुके यायचे आणि अंगणाच्या कडेला थांबायचे. दिवेलागणीला टोपल्या उपड्या व्हायच्या, बाराखडी चालायची, बत्तीभोवती किडे फिरायचे. मग टोपल्या उचलल्या जायच्या, डोक्यावर चढायच्या आणि ओळीने उतारावरून खाली जायच्या. त्या गेल्यावर बत्ती विझवली की अंगण एकदम मोठे व्हायचे. ताई आणि मी पायरीवर बसायचो. झाडे दिसायची नाहीत. ती आहेत एवढे वासावरून कळायचे. ताई कुजबुजायची, “निजली.” आणि दोघी मुलींसारख्या आवाज न करता आत जायचो.

दिवाळीनंतर एका सकाळी आईने मला हाक मारली. मी गेले तशी तिने वाफ्याकडे बोट केले. आठही झाडांवर कळ्या होत्या. उघड्या राहिलेल्या तीन झाडांवर एकही नव्हती. तिने ती तीन झाडे हाताने चाचपली, पुन्हा आठांकडे आली. त्या तिघांनाही कोळणींच्या पदराचा वारा तेवढाच लागला होता. हे मी म्हणणार होते. तिच्या चेहऱ्याकडे बघितले आणि म्हणाले नाही.

मार्गशीर्षात, ताईचा सातवा सरता सरता, वाडी भरली. सगळी फुले उमललेली नव्हती, काही अर्ध्या मुठीसारखी मिटलेली. मुकुट झाला, दोन बाजूबंद झाले, वेणी झाली. कंबरपट्ट्याला पुरली नाहीत तेव्हा काकूंनी आपल्या अबोलीचा गजरा आणून दिला आणि “दिसतंय छान,” असे चौरंगाकडे न बघता म्हणाल्या. ताईच्या गालांवर तोवर रंग आला होता. तिने वेणीतले एक फूल खुडून नाकाशी धरले, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच बसली. आई श्वास धरून उभी.

“कसा आहे?” आईने विचारले.

“तोच आहे.” मग एक डोळा उघडून ताई म्हणाली, “आणि अगदी थोडी, तळाशी, मासळी आहे.”

आई आधी दचकली. मग हसली, पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत. इतकी हसलेली ती मला त्या वर्षात दिसली नव्हती.

वाडीच्या दिवशी वर्गाला सुट्टी असेल असे मला वाटले होते. आईने विचारले, “बत्ती का नाही काढलीस अजून?”

बायका आल्या. आईने ताईला फुलांसकट पायरीवर आणून बसवले आणि त्यांनी तिला डोळे भरून बघितले. मावशीने लांबूनच आपल्या कानशिलांवर बोटे मोडली. मग नेहमीच्या सवयीने ती वाफ्यात गेली आणि टोपली उपडी घातली. बाकीच्यांनीही घातल्या.

कुंपणापलीकडून काकू म्हणाल्या, “आता कशाला गं? फुलं तर काढली सगळी.”

“निजू दे तिला,” मावशी म्हणाली. “दमलीय.”

आईने गोणपाटाचे टोक सरकले होते ते नीट केले. मी खांबावरच्या बत्तीला हवा भरली. उजेड सूं करून वर चढला, टोपल्यांच्या पाठींवर सांडला, आणि आम्ही ‘म’ला सुरुवात केली.